देवाची उजवी

दशरथ घाडी तळव्याने ऐकत. गाडी गॅरेजच्या दारात आली की ते आधी बॉनेट उघडत नसत. चालूच ठेव अशी हाताने खूण करायचे, मडगार्डवर तळवा टेकायचे आणि वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटून उभे राहायचे. ही सवय मिलमधली. कापड विणायच्या साच्यांच्या गदारोळात कानाचा काही उपयोग नसे, कुठलं बेअरिंग रडतं आहे ते हातालाच कळायचं. बावीस वर्षं त्यांनी लालबागच्या एका मिलमध्ये फिटरचं काम केलं. मग संप आला, आणि संपाच्या दुसऱ्या वर्षी ते अंधेरीला चकाल्यात जयवंत राणेच्या गॅरेजमध्ये आले. आले ते पंधरा दिवसांसाठी. सत्त्याऐंशी साल उजाडलं तरी तिथेच होते.

जयवंत त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मालक तो, पण 'घाडीकाका, हे कसं करू?' असं विचारल्याशिवाय त्याचा पाना हलत नसे. काकाही त्याला मालक म्हणत नसत. अरे जयवंत म्हणत आणि चहा गार झाला तर त्याच्यावरच डाफरत. दोघांची गावं मालवणच्या बाजूची. जयवंतचा जन्म मात्र इथला. गणपतीला चार दिवस जायचा, तेवढंच त्याचं गाव.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला दोन जुन्या फियाट उभ्या असत. दिसायला सख्ख्या बहिणी, रंगही एकच, मळका पांढरा. एक होती साधी. कंपनीतून आली तशी, फक्त नीट निगा राखलेली. दुसरीला पोरं 'तिखट' म्हणत. तिच्या इंजिनवर काकांनी दोन वर्षं खर्ची घातली होती. हेड तासलं, आतला एकेक भाग वजन करून सारखा केला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. मिलमधून आल्यावर त्यांनी मनापासून केलेलं काम ते हेच. जेवणाच्या सुट्टीतही डबा मांडीवर ठेवून ते तिच्याकडे बघत बसायचे. घरी जानकीकाकू म्हणायच्या, सवत आणली असती तर निदान तिला भाकऱ्या तरी थापायला सांगितल्या असत्या.

मुलुंडला एका कारखान्याच्या मागे मोठं मोकळं पटांगण होतं. एक मोटार क्लब दर वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी तिथे तेलाची पिंपं मांडून शर्यत घ्यायचा. एका वेळी एकच गाडी सोडायची, तिने पिंपांना वळसे घालत तीन फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून. नियम असा की एका गॅरेजची एकच गाडी. जयवंतने नाव घातलं, आणि मग प्रश्न आला, कुठली न्यायची.

जयवंतच्या मनात तिखट होती, हे सांगायला नकोच. त्याने आरेच्या रस्त्यावर ती दोनदा चालवूनही पाहिली. काका शेजारी बसले होते. सरळ रस्त्यावर तिचा पिकअप असा की पाठ सीटला चिकटायची, आणि काकांच्या छातीत आनंदाने गलबलायचं. पण वळण आलं की जयवंत घाबरायचा. ऐन वळणात पाय उचलायचा, मग ब्रेक दाबायचा, आणि गाडीचं मागचं अंग पुढे यायला बघायचं. इंजिनची ताकद काकांनी दीडपट केली होती. ब्रेक मात्र तेच होते, आणि जयवंतही तोच होता. साध्या गाडीला त्याचा हा धसमुसळेपणा चालून जायचा. तिखट गाडी तो पोटात घालणारी नव्हती.

हे त्याला सांगायचं कोणी? काकांनी दोनतीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मालकाला, तेही इतक्या मायेच्या माणसाला, तुला गाडी चालवता येत नाही असं म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना. शिवाय मनात दुसराही चोर होता. तिखट गाडी मुलुंडला गेली नाही, तर दोन वर्षांचं काम चार जाणत्या माणसांच्या कानावर पडणार नव्हतं. तेव्हा जयवंतचं मन दुखेल म्हणून आपण गप्प आहोत, की गाडीचा मोह आहे म्हणून, हे त्यांचं त्यांनाच उमगेना.

शेवटी जयवंतनेच तोड काढली. म्हणाला, "तुम्ही घाडी ना? मग लावा कौल."

गावाकडे घाड्यांचं ते कामच. देवळात लोकांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर सांगायचं. काकांचे वडील ते करत. काकांनी मुंबईत कधी केलं नव्हतं, पण गॅरेजच्या फळीवर गावाहून आणलेला एक काळा गुळगुळीत पाषाण होता, त्याला रोज उदबत्ती लागायची. नाही म्हणायला कारण सापडेना.

शुक्रवारी दुपारी पंखा बंद करून सगळे फळीपुढे उभे राहिले. जयवंतची बायको शुभा नारळ घेऊन आली होती. काकांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि वडिलांच्या चालीत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरापुढे दोन गाडये उभे हत, त्येका खयची ती दाखव रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." ठरलं होतं ते असं: उजवी पाकळी पडली तर तिखट, डावी पडली तर साधी. जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटल्या.

पाकळी पडली. जयवंतच्या डाव्या हाताला पडली.

त्याचा चेहरा उतरला. "डावी," तो म्हणाला. "साधी तर साधी. देवाने सांगितलं, संपलं."

काका पाकळीकडे बघत राहिले. कौलात उजवी म्हणजे देवाची उजवी. आपण देवासमोर उभे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला ती देवाची उजवी. घाड्याच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. देवाने तिखट गाडी सांगितली होती. अंधेरीत वाढलेल्या जयवंतने आपल्या हाताने मोजलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. काकांनी तो गिळला आणि नारळ फोडला.

पुढचे दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कौल फिरवला नव्हता, आणि फिरवला तो स्वतःच्या गाडीवर पाणी सोडून.

रविवारी जयवंत साधी गाडी घेऊन पुढे निघाला. पाने, जॅक, जादा चाकं असं सामान न्यायला दुसरी गाडी लागतच होती, म्हणून काका तिखट घेऊन मागून निघाले. शुभा त्यांच्या शेजारी बसली. सगळा रस्ता काकांनी ती तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

पटांगणात जयवंतची पाळी आली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या पिंपाला त्याने नेमकं तेच केलं, वळणात पाय उचलला, ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरली, गवतात गेली आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबली. लोक हसले. जयवंतही काच खाली करून हसला, तिसरी फेरी पुरी केली आणि बावीस गाड्यांत सतरावा आला. गवताच्या पलीकडे चार पावलांवर कारखान्याची दगडी भिंत होती. काका त्या भिंतीकडे बघत बसले.

तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. जयवंत गाडी लावायला गेला होता, जवळ शुभाच होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मान खाली घालून.

शुभा थर्मासमधून चहा ओतत होती. कप त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "देवाची उजवी मला पण कळते, काका. माझे बाबा गावात कौलाला उभे राहतात. मी पण नाही बोलले."

काकांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "तुझं ठीक आहे गं. मी घाडी. देवाने तिखट गाडी सांगितली, मी ती उभी करून ठेवली."

"गाडी सांगितली ना देवाने?" शुभा म्हणाली. "ड्रायव्हर कुठे सांगितला?"

शर्यत संपल्यावर क्लबवाले तासभर पटांगण खुलं ठेवायचे. ज्याला हौस असेल त्याने एकेक करून फेरी मारावी. शुभाने परस्पर जाऊन दशरथ घाडी हे नाव देऊन टाकलं. काका नको नको म्हणत होते, पण पाय गाडीकडे वळले होते. छपन्न वर्षांचं वय, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत चपला. चपला त्यांनी काढून बाहेर ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा.

पहिली फेरी त्यांनी अशी मारली की मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, भाजी आणायला निघालात काय?" काकांचं लक्ष नव्हतं. उजवा हात त्यांनी खिडकीतून बाहेर काढून दारावर टेकवला होता आणि तळव्याने ते दोन्ही कार्बोरेटर ऐकत होते. फेरी संपली तेव्हा हात आत गेला. मग सरळ पट्टा आला, आणि तिखट गाडीने दोन वर्षांचा आवाज एका दमात काढला. कडेला उभे असलेले मेकॅनिक बोलता बोलता थांबले. वळणाआधी काका हलक्या हाताने वेग उतरवायचे, वळणात पाय स्थिर ठेवायचे आणि बाहेर पडताना पुन्हा मोकळी सोडायचे. पिंपाला वारा लागला असेल, गाडी लागली नाही.

काका अनवाणीच उतरले. घोळका जमला. एकाने बॉनेट उघडा म्हणून हात जोडले, दुसऱ्याने हेड कुठे तासलं ते विचारलं. काका प्रत्येकाला एकेका शब्दात उत्तर देत होते आणि चपला शोधत होते. जयवंतने त्या उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

परतताना जयवंत तिखट गाडीत काकांच्या शेजारी बसला, शुभा साधी गाडी घेऊन पुढे गेली. पवईच्या चढावर काकांनी त्याला पाकळीचं खरं सांगून टाकलं. तलाव गेला, साकीनाका आला, तरी जयवंत बोलला नाही. काकांना वाटलं, पाच वर्षांचं नातं आज तुटलं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी कौल नको. जे असेल ते मला तोंडावर सांगायचं."

काकांनी मान हलवली. सिग्नल सुटला. गिअर टाकता टाकता ते म्हणाले, "ही गाडी तुका झेपाची नाय, जयवंत. वळणार तू घाबरतस."

"अहो, आत्ताच सांगा म्हटलं का मी?" जयवंत म्हणाला, आणि चकाला येईपर्यंत फुगून खिडकीबाहेर बघत राहिला. गॅरेजशी उतरल्यावर मात्र त्याने विचारलं, येत्या रविवारी आरेला किती वाजता यायचं, शिकायला.