कापसाच्या गंजीवरची शाळा

शोभाबाईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते भांडणातच. मी गॅसवर वांग्याची भाजी टाकलेली आणि भिंतीपलीकडून हाका सुरू. “रेखे, अवं रेखे, लवकर ये, पाह्य मले काय भेटलं.” मी म्हटलं, भाजी आहे. तर म्हणे, “भाजी रोजच असते.” गेले. मोबाईलवर कुणी बाई कागदाच्या घडीतून काटकोन करायला शिकवत होती. शोभाबाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून तसाच काटकोन केला होता, आणि तो दाराच्या चौकटीला, पेटीला, खाटेला, शेवटी माझ्या कोपरालाही लावून पाहिला. “तुह्या घराचं दार वाकडं हाय,” असं वर मलाच सांगितलं. तोवर इकडे भाजी करपली. मी तोंडाला येईल ते बोलले, त्यांनीही काही ठेवून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता त्या खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. त्यांच्या हातात शोभाबाईंचा झाडू होता. मला काही विचारावं लागलं नाही.

महिना उलटून गेला. रडून झालं, आणि रडू अजून येतं ते येतंच. पण माझ्या या थोरल्या जावेबद्दल लिहायला बसले की मला उत्साहच चढतो, त्याला मी काय करू? पुण्याची माझी मावसबहीण म्हणाली, लिही, पण लिहिताना तुमची ती भाषा घालू नको. घालणार. शोभाबाई जशा बोलायच्या तशाच इथेही बोलतील, ज्याला गावंढळ वाटेल त्यानं खुशाल पान उलटावं.

आमचं गाव जळगाव जामोदच्या पलीकडं, सातपुड्याच्या अंगाला. शोभाबाई मेहकरकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, नंतर शेतात गेल्या. पण शिकायची खाज काही गेली नाही. पोरांची नवीन पुस्तकं आली की आधी त्या नाकाला लावायच्या. दोन्ही मुलं मोठी होऊन कामाला बाहेर गेली, थोरल्यानं आईला चांगला मोबाईल घेऊन दिला, आणि बाप्पा... त्या मोबाईलनं त्यांना काय झालं ते विचारू नका. भासऱ्यांना त्या यंत्राला हात लावायची भीती, म्हणून घरचं सगळं त्याच एका मोबाईलवर. शेतकऱ्यांचा कापसाचा ग्रुप त्याच्यावर, आणि माझ्या गौरीच्या तिसरीच्या वर्गाचा ग्रुपही त्याच्यावर, कारण माझ्या नवऱ्याचा मोबाईल दिवसभर त्याच्याबरोबर शेतात.

शाळा बंद होत्या ते वर्ष. त्याच वर्षी बोंडअळीनं पुन्हा डोकं वर काढलं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा गावात केवढा आनंद होता, अळी म्हणून लागणार नाही म्हणत होते लोक. आता वरून बोंड कसं हिरवंगार, गुबगुबीत. फोडलं की आत गुलाबी अळी बसलेली. कापसाच्या ग्रुपवर संध्याकाळ झाली की त्या अळीचे फोटो. याच्या शेतातली अळी, त्याच्या शेतातली अळी, फवारून फवारून तशीच राहिलेली अळी. त्याखाली कुणी काही लिहायचंसुद्धा नाही. माणसं पारावर बसायची तीही मान खाली घालून, समोरच्याला काय विचारावं हेच कळेना.

आणि इकडे माझी गौरी वाचेना. दुसरीत नुकतं कुठं अक्षराला अक्षर जोडायला लागली होती, तर शाळेला कुलूप. घरी वाचायला बसवलं की पहिल्याच शब्दाला अडकायची. एकदा मामेभाऊ हसला, झालं, तोंडच मिटलं तिनं. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळलाच असेल. मी ओरडायचे, ती आणखी घट्ट व्हायची. मला रात्रंदिवस एकच घोर, की शाळा उघडेपर्यंत ही पोरगी आपण वाचू शकत नाही असं मनाशी पक्कं करून बसली, तर पुढं कोण काढणार तिच्या मनातून? शेवटी शोभाबाईंनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. “तू भाकरी थाप. तुह्यानं हे होत नाही,” म्हणाल्या. मला राग आला, पण खरं होतं ते.

मोबाईलची रेंज आमच्या दोन्ही घरांत मिळून एकाच ठिकाणी यायची. समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, भाव वाढेल म्हणून, पार आढ्याला टेकेल इतका. त्या गंजीच्या अगदी वर, झरोक्यापाशी, रेंज. मग काय, शोभाबाई आणि गौरी रोज त्या गंजीवर चढायच्या. शोभाबाईंचं शरीर भारी, अर्ध्यावर जाऊन पुन्हा घसरत खाली, हसून हसून दोघींची मुरकुंडी. भासरे कुरकुरायचे, कापूस दबतो म्हणून. कापसाची खाज सुटायची ती वेगळी, दोघी खाजवत खाजवत बे एके बे म्हणायच्या आणि खाली आल्या की मी खोबरेल घेऊन उभी.

पण शिकवायच्या कशा, ते ऐका. व्हिडिओ एकदाच बघायचा, मग मोबाईल पालथा घालायचा. “त्या बाईले काय माहीत आपल्या घरी काय हाय,” असं म्हणायच्या. “ते सांगून मोकळी झाली. आता करायचं आपण.” त्या बाईनं रंगीत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायला सांगितले, यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या मोडून केले. तिनं केक कापून पाव आणि अर्धा दाखवला, यांनी माझ्या टोपल्यातली भाकरी नेली. आणि त्यांना स्वतःला कळलं नाही की सरळ गौरीला विचारायच्या, “हे काऊन असं झालं वं? मले सांग.” गौरी सांगायची. मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, आपण शिकवतो, याचंच तिला केवढं अप्रूप. मी भाकरी थापता थापता कान लावून ऐकायचे आणि माझाच जीव उड्या मारायचा.

मग शाळेच्या सरांनी ग्रुपवर सांगितलं, प्रत्येकानं एक धडा वाचून आवाज पाठवायचा. गौरी म्हणाली, नाही. सगळे हसतील. शोभाबाईंनी गळा चिमटीत धरून शपथ घेतली, “कोणी नाही ऐकत. फक्त सर ऐकतीन.” त्या शपथेवर पोरगी तयार झाली. दोघी गंजीवर चढल्या. शोभाबाईंचा चष्मा खालीच राहिला. सरांचा निरोप आत्ताच आला, म्हणजे शाळेचा ग्रुप सगळ्यात वर असणार, हा त्यांचा नेहमीचा हिशेब, नाव कधी वाचायच्याच नाहीत. पण दोघी चढेपर्यंत मधेच कुणीतरी अळीचा फोटो टाकला, आणि कापसाचा ग्रुप उडी मारून वर जाऊन बसला. गौरी वाचत होती, विहिरीत पडलेल्या बेडकाची गोष्ट. बे... बेडूक, वि... विहिरीत... एकेका शब्दाला थांबत. शोभाबाई बटण दाबून धरून बसलेल्या. गोष्ट निम्म्यावर आली आणि कापसात त्यांचा तोल गेला, बोट सुटलं, आवाज कापसाच्या ग्रुपवर गेला, आणि त्या स्वतः घसरत अर्ध्या गंजीवर.

माझा नवरा पारावर होता. तो सांगतो, एकाच्या मोबाईलमधून पोरीचा आवाज आला, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्याच. पळत घरी आला. “अवं, आपल्या गौरीचं वाचणं साऱ्या गावात वाजून राह्यलं,” म्हणाला. ते गौरीनंही ऐकलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. ती गंजीच्या पार टोकाला गेली, झरोक्याकडं तोंड केलं आणि कापसात डोकं खुपसलं. मी खालून शोभाबाईंना असं बोलले, असं बोलले, की सांगायची सोय नाही. पोरीचं तोंड तुम्ही कायमचं शिवलंत, म्हटलं. त्यांनी मोबाईल झरोक्याकडं उंच धरून इकडंतिकडं दाबून पाहिलं, पण गेलेला आवाज पुसायचा कसा ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. ताजुद्दीन चाचा, आमच्या शेताला लागूनच त्यांचं शेत. त्यांचं सगळं पीक त्या वर्षी गेलं होतं, कित्येक दिवसांत ते कुणाशी बोलले नव्हते. त्यांचा आवाज आला, “बेटी, तो बेडूक निंघाला का नाही बाहेर? इथं आम्ही सारे बसून राह्यलो ना.” मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. कुणी म्हणे दोर सोडा, कुणी म्हणे आमच्या विहिरीतला असन तर राहू द्या त्याले तिथंच. मागं पारावरचा हशा ऐकू येत होता, आणि तो तिच्या वाचण्यावरचा नव्हता, हे लहान लेकरालाही कळावं इतका साफ होता.

शोभाबाई पुन्हा गंजीच्या टोकावर चढल्या. या वेळी न घसरता. गौरीच्या कानाशी मोबाईल धरून एकेक आवाज तिला ऐकवला.

“मोठी आई, ते मले हसून नाही राह्यले?”

“कायले हसतीन? त्याहिले बेडूक पाह्यजे. तुह्यापाशी हाय तो.”

गौरीनं डोकं बाहेर काढलं. केसांत सगळा कापूस. उरलेली गोष्ट वाचली, तशीच थांबत थांबत, आणि ती मुद्दाम कापसाच्याच ग्रुपवर पाठवायला लावली. मला तर नाचावंसं वाटलं. त्यानंतर तो हंगाम संपेपर्यंत अळीच्या फोटोंखाली रोज संध्याकाळी एक गोष्ट यायची. आधी गौरीची, मग इतर पोरांच्या बापांना चेव आला, मग सरच त्या ग्रुपवर आले. कापूस काही त्यानं सुधारला नाही. पण पारावर माणसं बोलायला लागली होती. फवारणीची माहिती आली की तीसुद्धा पोरं वाचून पाठवायची, आणि एखादं चुकलं तर कुणीतरी हळूच सांगायचं, बेटा, परत एकदा.

शाळा उघडल्या, पण शोभाबाईंचा हा उद्योग थांबला नाही. गावातली बारकी पोरं घरी वाचलेलं त्यांच्याच नंबरवर पाठवायची, आणि त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. त्यांचा मोबाईल आम्ही अजून बंद केला नाही. भासरे तो रोज चार्जिंगला लावतात, का ते कुणी विचारत नाही. परवा संध्याकाळी तो वाजला. नाझियाचा आवाज, पहिलीतली, ताजुद्दीन चाचांची नात. ती मामाकडं होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. “मोठी आई, ऐका,” म्हणाली आणि बोट ठेवून ठेवून एक पान वाचलं.

भासरे माझ्याकडं बघायला लागले. नाझियाला ते सांगणं मला जमणार नव्हतं. गौरी आता आठवीत आहे, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करते. तिनं मोबाईल घेतला, नाझियाचं सगळं वाचणं शेवटपर्यंत ऐकलं आणि बटण दाबलं. “नाझिया, मी गौरी बोलते. लय छान वाचलं तू. मोठी आई ना... मोठी आई आता ना... ना...” इतक्या वर्षांनी ती अडकली. पण तिनं बटण सोडलं नाही. “नाही हाय. उद्यापासून मले पाठव, मी ऐकत जाईन.”

मोबाईलवरचं पुसायचं कसं ते तिला आता येतं. तिनं पुसलं नाही, अडकलेलं तसंच जाऊ दिलं.