डाव्या बरगडीखाली

सोनोग्राफीच्या खोलीत मी ह्यांच्या उशाशी उभी होते. डॉक्टर ह्यांच्या पोटावर यंत्र फिरवत यंदाच्या आंब्यांबद्दल बोलत होते. डाव्या बरगडीखाली त्यांचा हात थांबला आणि बोलणंही.

"पाणथरीवर, म्हणजे स्प्लीनवर, गाठ दिसतेय. साधीही असेल. सीटी स्कॅन करून बघू."

पस्तीस वर्षांच्या संसारात गुडघे, पित्त, दाढा सगळ्यांची विचारपूस झाली. पाणथरीचं नाव कधी निघालं नव्हतं. जे कुरकुरत नाही, त्याच्याकडे बघतं कोण?

दरवर्षी मुतखड्यासाठी येतो, तेव्हा डॉक्टर "पुसून घ्या" म्हणत टिश्यू पेपर पुढे करतात. आज त्यांनी पोटावरची जेली स्वतःच पुसली, अगदी सावकाश.

हे "थँक्यू" म्हणाले. मी डॉक्टरांच्या हातातल्या टिश्यू पेपरकडे बघत राहिले.