पेशव्याचा भाऊ

त्या पेशव्याच्या प्रेमात आधी मी पडलो, मग माझ्यामुळे माझी धाकटी बहीण. घोड्यावर बसून हातावर कणसं चोळून खाणारा तो वीर आणि बुंदेलखंडातून पुण्याला आलेली त्याची प्रिया. मी शाळेत इतिहास शिकवत असे. दुपारी मागच्या पडवीत बहीण काजूगर सोलत बसायची आणि मी गोष्ट सांगायचो. माडांच्या सावल्या अंगणात हलायच्या, समुद्राची गाज उगीच लांब गेल्यासारखी वाटायची आणि मला खरोखर दिसायचं, ओल्या वाळूवरून घोडा चाललाय, स्वार मागे वळून बघतोय आणि त्याचा चेहरा माझा आहे.

"हो घोड्यावर कणसा खाता, मगे घरची बायल रांधता कोणासाठी?" ती विचारायची.

"तुका प्रेमातला काय कळता गो?"

"माका सगळा कळता."

कळतच होतं. कट्टा गावच्या बाजारात शिवणाचं दुकान असलेल्या एका तरुणावर तिचं मन बसलं होतं. त्याची जात आमच्याकडे खालची मानत. तिनं हे पहिल्यांदा मलाच सांगितलं. "तुझो पेशवो खंय कोणाक विचारूक गेल्लो?" म्हणाली. मी तिच्या पाठीशी उभा राहीन, असं वचन मी दिलं.

वडील तेव्हा तापानं अंथरुणाला खिळलेले. माझ्याकडून हे ऐकून त्यांनी मला जवळ बसवलं. मग मला म्हणाले, "माजो होकार नाय, नकार पण नाय. मसुऱ्याकडच्या देवाक कौल लाव. देवान उजवो दिल्यान तर मी चेडवाक आडवूचंय नाय."

मी एकटाच गेलो. गुरव अनोळखी होता. त्यानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि आमचं गाऱ्हाणं देवाच्या कानी घातलं. उजवी आधी पडली तर होकार. गाभाऱ्यात किती तरी वेळ काहीच हललं नाही. मग उजवीकडची पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

खाडीच्या कडेनं परत येताना मी आधी तरंगतच होतो. पण कणकवलीच्या एका बऱ्या घरात माझं लग्न ठरत होतं. हे तिथं कळलं की ते मोडणार, हा विचार मनात आला आणि मग गेला नाही. घरी पोचलो तेव्हा ती अंगणात उभी होती.

"काय झाला?"

"डावो."

"तू सोताच्या डोळ्यांनी बघलंस?"

"बघलंय."

ती आत गेली. पुढच्या वैशाखात एका बिजवराशी तिचं लग्न झालं. माझंही झालं, कणकवलीलाच.

त्यानंतर एकदा वर्गात तोच पेशवा शिकवत होतो. तो मोहिमेवर असताना त्याच्या प्रियेला घरच्यांनी पुण्यात कैदेत ठेवलं आणि त्यात त्याचा सख्खा भाऊ होता, हे वाक्य मी दर वर्षी घाईनं उरकायचो. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. घोड्यावर मी कधीच नव्हतो. मी दारावर पहारा बसवणारा होतो. त्या भावाकडे निदान घराण्याची अब्रू तरी होती. माझ्याकडे एक स्थळ होतं.

ह्या गणपतीत ती माहेरी आली. स्वयंपाकघरात ती नारळ खवत असताना मी तिला सगळं सांगितलं. बारा वर्षांनी. तिचा हात थांबला.

"देवान उजवो दिल्लो?" तिनं हळूच विचारलं. क्षणभर ती समोर असून समोर नव्हती. ती जिथं गेली होती तिथं मला पाय ठेवायचा हक्क नव्हता, म्हणून मी खाली बघत राहिलो.

"तेका सांगलंस?"

"नाय."

"इतकी वर्सां तेका वाटता, देवाकच तो नको होतो." तिनं खवलेलं खोबरं ताटलीत ओढलं. "माज्याकडे माफी काय मागतंस? आधी तेका जावन सांग."

त्याचं दुकान अजून बाजारात आहे. कट्ट्याला जायचं टाळण्यासाठी मी गेली बारा वर्षं लांबच्या वाटेनं फिरलो. उद्या सकाळच्या एस.टी.नं मी तिथं उतरणार आहे.