वर येणारा तानपुरा

मी केलेली गाण्याची रेकॉर्डिंग्ज चांगली असतात, हे मी उगाच नम्रपणा न दाखवता सांगतो. सदाशिव पेठेतल्या घरगुती बैठकींत गेली तीस वर्षं मी यंत्र घेऊन पुढे बसतो आहे. त्यात यंदा, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घेतलेला रेकॉर्डर ही माझी सर्वांत उत्तम निवड. पण ती मी कशी केली हे सांगायचं, तर आधीच्या निवडीबद्दल बोलायला हवं, आणि ते मी बारा वर्षं टाळलं.

आधीचा रेकॉर्डर माझा पहिला डिजिटल. खिशात मावायचा. कॅसेट उलटायची नाही, म्हणजे ख्याल मधेच तुटायचा नाही, याचंच मला इतकं अप्रूप की बाकी काही मी पाहिलंच नाही. आवाजाची पातळी तो आपोआप सांभाळायचा. गुरुजींच्या बैठकीत मी तो मोठ्या ऐटीत समोर ठेवला. आठ दिवसांनी त्यांच्या घरी शिष्य जमले, चहा झाला, रेकॉर्डिंग लावलं. आलापात गुरुजी जिथे जिथे थांबले होते, तिथे तानपुरा फुगून वर येत होता.

गुरुजी मागे न बघता म्हणाले, "तानपुरा मागे असतो. हा माझ्या अंगावर येतोय."

त्या बैठकीत तानपुऱ्यावर साथ केलेल्या त्यांच्या एक शिष्या मागे भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. गुरुजींच्या मागे बसून तानपुरा धरायचा, त्यांनी खूण केली की सुरात सूर मिसळायचा, ही जागा त्यांनी अनेक वर्षांच्या मेहनतीने मिळवली होती. पुढच्या बैठकीला तिथे दुसरं कोणी बसलं. त्यांना ती जागा पुन्हा मिळाली नाही.

महिन्याभराने घरी चुकून यंत्र चालू राहिलं. नंतर ऐकलं, तर कुकरची शिट्टी झाली की पंखा गप्प, आणि शिट्टी थांबली की पंख्याची घरघर हळूहळू वर. मी काय ते समजलो. मोठा आवाज थांबला की हे यंत्र बारीक आवाज फुगवत होतं. तानपुरा त्या शिष्येने नव्हे, मी वर आणला होता. त्याच दिवशी गुरुजींकडे जायला हवं होतं. पण जो तो माझ्या यंत्राचं कौतुक करत होता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गुरुजीच गेले.

यंदा त्याच शिष्येचा फोन आला. आता त्या साठीच्या आहेत, विश्रांतवाडीत मुलींना गाणं शिकवतात. सदाशिव पेठेत त्यांची स्वतःची बैठक ठरली होती.

"काका, रेकॉर्डिंगला तुम्हीच या. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घालून दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी एक यंत्र पुढे केलं. "हा घ्या काका. सगळं ऑटो आहे, तुम्हाला काही बघायलाच नको."

"मला बघायचंय."

"लोक उलट मागतात."

"मागू देत."

मी काउंटरवर तानपुरा सुरू केला, हेडफोन घातला आणि यंत्राशेजारी जोरात टाळी वाजवली. टाळीनंतर तानपुरा दबून पुन्हा वर आला, की यंत्र बाद. दोन बाद झाली. तिसऱ्याला पातळीसाठी बोटाने फिरवायची चकती होती, आणि त्यातलं ऑटो बंद केलं की खरंच बंद राहायचं. मी दहा टाळ्या वाजवल्या. तानपुरा जागचा हलला नाही.

"झालं का भजन?" बाईंनी विचारलं.

"झालं. बिल करा."

बैठकीच्या दिवशी रेकॉर्डर स्टँडवर लावता लावता मी त्यांना सगळं सांगितलं, कुकरसकट. त्या तानपुरा जुळवत होत्या. हात थांबला.

"काका, बारा वर्षं मी माझंच बोट जड आहे असं समजतेय. मुलींनासुद्धा तारेला जेमतेम शिवायला शिकवलं मी."

मी स्टँडचा स्क्रू उगाच आवळला.

"हे मला एकटीला सांगून भागायचं नाही. समोर बसलेत ते तेव्हाही होते. त्यांना सांगा."

उभं राहून सांगितलं. गुरुजींचे एक जुने शिष्य म्हणाले, "म्हणजे चूक तुमची, आणि वर चहाही प्यायलात." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. तानपुऱ्यासाठी आलेल्या मुलीला त्यांनी शेजारी बसवलं, तानपुरा स्वतःकडे घेतला आणि मोकळ्या हाताने छेडला.

पातळी मी जुळवणीच्या वेळीच लावली होती. पुढे दोन तास चकतीला हात लावला नाही. त्या थांबत, तेव्हा तानपुरा जिथल्या तिथे असायचा, भरलेला आणि स्थिर. इतकं चांगलं रेकॉर्डिंग मी आयुष्यात केलेलं नाही, आणि तानपुरा असा वाजवणारी माणसं फार थोडी.

सामान आवरताना त्यांनी विचारलं, "जुन्या रेकॉर्डिंगच्या प्रती किती जणांकडे आहेत?"

"पुष्कळ. मीच वाटल्यात."

"मग?"

म्हणून हे लिहितो आहे. ती प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती जरूर ऐकावी; गुरुजी त्या दिवशी फार सुंदर गायले होते. आणि त्यांच्या मागे तानपुरा अगदी बरोबर वाजत होता.