तळाशी बसणारी भुकटी

किल्लारीच्या भूकंपानंतरचा हिवाळा. पत्र्याच्या शेडमध्ये सरपण नव्हतं आणि त्या थंडीतच वकारची तान्ही बहीण गेली. मोठेपणी तो लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागला, पण कोवळ्या उन्हातही पाणी तापवील असा सौर बंब करायचं वेड त्याला सोडेना. शेवटी नोकरी सोडून तो बायकोसह, लायबासह, नांदेडला संशोधनाला गेला.

बंबाच्या नळ्यांतून तो नॅनोफ्लुइड फिरवायचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेलं पाणी. आधी ते छान तापायचं. मग भुकटी तळाशी बसायची आणि पंप तुंबायचा. भुकटी तरंगावी म्हणून साबणासारखं द्रव्य घातलं, तर नुसता फेस झाला.

पंप पुन्हा बंद पडला, तेव्हा लायबा गच्चीवर, बंबापाशी आली.

"बस करा आता. क्लासवाले परत बोलवून राहिलेत."

"मी गेलो तर हे कोण करील?"

"तुमच्यानं तरी कुठं होऊन राहिलं?"

वकार गरम नळीवर हात ठेवून, चटका बसेपर्यंत तसाच बसून राहिला.

जूनमध्ये तो लातूरला परतला. सगळं शिकवायचा, उष्णतेचा धडा मात्र त्याने दुसऱ्या सरांना देऊन टाकला.