मोकसेद माझीने पाहिलेली टक्कर

मोकसेद माझी चरकलमीच्या घाटावर एकतीस वर्षं होडी वल्हवत होता; माझी म्हणजे तिकडे नावाडी. माणूस सरळ, पण बोलायला लागला की कुठे थांबायचं ते त्याला कधी कळलं नाही. साधं खरं त्याला पुरायचं नाही. त्यावर आणखी एक खरं ठेवायचं, मग शपथ घ्यायची, तेव्हा कुठे गड्याला बरं वाटायचं.

कीर्तनखोला नदीच्या वळणावर त्या आश्विनात टक्कर झाली, तेव्हा तो काठाला बांधलेल्या होडीतलं पाणी उपसत होता. बरिशालहून खाली निघालेली प्रवासी लाँच काठ धरून येत होती. समुद्राकडून वर येणारं वाळूचं जहाज नदीचा मध्य सोडून, वळण कापायला म्हणून काठात घुसलं आणि थेट लाँचच्या कुशीत शिरलं. चौतीस माणसं बुडाली. मोकसेदने अकरा जणांना होडीत ओढून घेतलं, त्यातली तीन मेलेली निघाली. लाँच चालवणारा सारंग गोफरान पोहत काठाला लागला आणि पोलिसांनी त्याला ओल्या लुंगीनिशी उचलून नेलं. जहाजाच्या मालकाच्या केसालाही धक्का लागला नाही.

या नदीवरचा नियम पोरंसोरंही जाणतात. पाणी ज्याच्या समोरून येतं त्याने काठ धरायचा, तिथे ओढ कमी असते. पाणी ज्याच्या पाठीशी, त्याने मधून जायचं. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं, नदी उलटी वाहते, आणि काठाचा हक्कही उलटा होतो. म्हणजे सगळा खटला एवढ्यावरच होता, की टक्कर झाली तेव्हा भरती होती का ओहोटी. भरती असेल तर खाली निघालेल्या गोफरानचा काठ हक्काचा आणि दोष जहाजाचा. ओहोटी असेल तर गोफरान गुन्हेगार.

भरतीच होती. मोकसेदच्या होडीने दोरावर फिरून समुद्राकडे तोंड केलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं.

बरिशालच्या कोर्टात साक्षीच्या दिवशी तो जावयाचा इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला.

"भरती होती, साहेब. पाणी चांगलं चढायला लागलं होतं."

"किती वाजले होते?"

"घड्याळ नाही आपल्याकडे."

न्यायाधीश साहेब पुढे जाणारच होते, कारकुनाने पानही उलटलं होतं. तेवढ्यात मोकसेदला वाटलं, साक्ष लंगडी पडतेय.

"पण पक्कं सांगतो, साहेब! आमच्या मशिदीत असरची अजान सुरू झाली आणि पाठोपाठ लोखंड फाटल्याचा आवाज. कुराणावर हात ठेवून सांगतो!"

जहाजमालकाचा वकील त्या दिवशी पहिल्यांदा हसला. त्याने नमाजच्या वेळांचा छापील तक्ता मागवला. असरची अजान चार वाजून पाच मिनिटांनी. बंदराच्या तक्त्यात भरती लागली चार पंचवीसला.

"म्हणजे ओहोटी," वकील म्हणाला. "आभारी आहे, मोकसेद माझी, फार मोलाची साक्ष दिलीत."

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी अजान चांगला अर्धा तास उशिरा झाली होती. अजान देणारा मुअज्जिन हासमत मुन्शी पुतणीच्या लग्नाचं मटण चापून आडवा झाला होता. घाटावर त्यावरून त्याची यथेच्छ थट्टाही झाली होती. मोकसेद घरीसुद्धा न जाता तडक मुन्शीकडे गेला.

"मुन्शी, एवढंच सांगा, डोळा लागला होता. माणूस सुटेल."

"तेवीस वर्षं अजान देतोय, मोकसेद माझी. एकदा चुकलो नाही."

"अहो, तुम्हीच हसत होतात ना त्या दिवशी!"

"हसणं वेगळं, कोर्टात बोलणं वेगळं. लोक माझ्या आवाजावर रोजे सोडतात. उद्या विचारतील, रमजानात किती बुडवलेत आमचे?"

चहावाल्या कादेरने तर त्यालाच झापलं. "मोकसेद भाई, अजानीला कशाला मध्ये ओढलंस? कानात पाणी गेलं असेल तुझ्या." आणि हाच कादेर त्या दिवशी गल्ला उघडा टाकून उशिराच्या नमाजाला धावला होता! चौतीस माणसं गेली त्याची कोणाला लाज नाही. लाज वाटली ती मुन्शीच्या झोपेची.

पुढच्या तारखेला मोकसेदने एकट्याने सांगितलं, अजान उशिरा झाली.

"आणखी कोणी ऐकली ही उशिराची अजान?" वकिलाने विचारलं.

मोकसेदने मागे पाहिलं. बाकावर मुन्शी, कादेर आणि गावातले आणखी पाच जण बसले होते. एकानेही मान वर केली नाही.

गोफरानला पाच वर्षं झाली.

त्याची बायको जाहेदा पलीकडच्या चरावर, नदीतल्या गाळाच्या बेटावर राहायची. तुरुंगात भेटीला जायचं तर बससाठी मोकसेदच्याच होडीतून नदी ओलांडावी लागायची. दोन महिने ती जेवणाचा डबा घेऊन गेली. तिसऱ्या महिन्यात होडीत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा त्यालाच राहवलं नाही.

"बेटी, मी पाहिलं तेच सांगितलं. गावाने दगा दिला. मुन्शीला तर मी..."

"गावावर राग नाही माझा, चाचा," ती मांडीवरचा डबा सावरत म्हणाली. "ते खोटं बोलले, पण मुन्शीला वाचवायला बोलले. आमचा वकील सांगत होता, वेळेचा पत्ताच लागला नसता तर सोडावं लागलं असतं ह्यांना. भरती होती म्हणालात, तिथेच थांबायचं होतं. अजानीचं कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

मोकसेदचं वल्हं पाण्यातच राहिलं आणि होडी आडवी व्हायला लागली.

"नाही," तो म्हणाला. "कोणीच नव्हतं विचारलं."

"मग आता तरी नीट चालवा. बस चुकली तर ते महिनाभर वाट बघतील."