तिच्याकडे जाणारे फोन

त्या उन्हाळ्यात शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि बिडकीनच्या रस्त्यावर मात्र सतत नव्या कंपन्यांच्या पाट्या लागायच्या. सगळ्यांना वेबसाइट हवी होती, त्यामुळे वेबसाइटींना सर्व्हरवर जागा देणारं आमचं होस्टिंगचं छोटं ऑफिस जोरात होतं.

जुन्या गिऱ्हाइकांना विंडोज सर्व्हरवरून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर हलवायचं ठरलं. सर म्हणाले, जिचं काम चांगलं दिसेल तिला लिनक्सचा विभाग. आम्ही दोघीच होतो, मी आणि ती. मला तो विभाग हवाच होता. गिऱ्हाइकांना स्क्रीनवर दिसणारी जुनी-नवी दोन्ही कंट्रोल पॅनल मी कोळून प्यायले होते; एकावरचं कुठलं बटण दुसऱ्यावर कुठे गेलं, ते डोळे मिटून सांगितलं असतं. पण सांगायला तोंड उघडावं लागतं.

ती पाचोडची. गिऱ्हाइकाचा फोन उचलला की, "काय काका, पाणी आलं का?" मग टँकरच्या गप्पा, आणि मग काका ती सांगेल तिथे क्लिक करायचे. माझ्याशी तेच काका "हां, हां" करून फोन ठेवून द्यायचे. मला तिच्या हसण्याचासुद्धा राग यायचा.

एकदा ती डबा खात असताना पैठणच्या बियाण्यांच्या दुकानदाराचा फोन आला. नव्या पॅनलवर त्यांना मेल सापडत नव्हते. मी धीर केला. "काय काका, पाणी आलं का?"

"ताई, धरणाच्या काठावर राहतो आम्ही. तिथं तळ दिसायला लागलाय, अन् तुम्ही नळाचं विचारता व्हय?" ते मोठ्यानं हसले. "त्या दुसऱ्या मॅडम हायेत का?"

पैठणच्या माणसाला ती नळाचं कधीच विचारत नसे. रोज कान देऊनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

तिनं भाकरी खाली ठेवून माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "काका, धरणात राहिलंय का काही?" मग रिसीव्हरवर हात ठेवून मला, "लिनक्सवर मेल कुठंय गं?"

"डावीकडे, खाली. पाकिटाचं चित्र," मी पुटपुटले.

"काका, डाव्या अंगाला खाली या. पाकीट दिसलं? दाबा!"

सर दारातच उभे होते. त्यांना तिचाच आवाज ऐकू आला.

विभाग तिला मिळाला. तिनं माझी खुर्ची स्वतःच्या टेबलाशी ओढली. "तू इथंच बस. तुझ्याबिगर मला नाय जमायचं." ती मनापासून म्हणत होती, म्हणून जास्तच जळले.

पुढचा फोन आला. तिनं रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी उत्तर दिलं, नेहमीपेक्षा बरंच मोठ्यानं.